दीडशे मीटरच्या आतला फूलबाजार

पहाटेच्या विरार लोकल दादरला थांबतात तेव्हा मालडब्यातून आधी फुलं उतरतात आणि मग माणसं. वसईकडचा सोनचाफा, तगर, जास्वंद, ओल्या फडक्यात बांधलेला मोगरा. डोक्यावर टोपली घेतलेल्या बायका गर्दीतून वाट काढत पश्चिमेला बाहेर पडतात आणि काही पावलांतच सेनापती बापट मार्गावरच्या बाजारात मिसळून जातात. पुणे, सातारा, नाशिककडचे टेम्पो तोवर मोकळे होत आलेले असतात. ‘माँसाहेब मीनाताई ठाकरे फूल मंडई’ असं या बाजाराचं भारदस्त नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला सांगायचं ते ‘दादर फूल मार्केट’ एवढंच.

इथे झेंडू किलोवर मिळतो, गुलाब वीस फुलांच्या गड्डीने आणि सोनचाफा नगावर. पहाटे चारला सांगितलेला भाव आठपर्यंत टिकेलच असं नाही, आणि ऊन चढलं की येईल त्या भावाला देऊन मोकळं व्हायचं. कांदा चाळीत राहतो, बटाटा शीतगृहात. किरकोळ फुलवाल्याकडे ओलं फडकं आणि पाण्याचा शिपका यापलीकडे साठवणीचं साधन नसतं. दसऱ्याच्या संध्याकाळी न विकलेला झेंडू रस्त्याकडेला ओतून परतणाऱ्या शेतकऱ्याचं छायाचित्र वर्तमानपत्रांत वर्षाआड तरी येतंच. हा धंदा तासांवर चालतो, म्हणून त्याला लागू होणारा प्रत्येक कायदाही तासांवरच तपासून पाहावा लागतो.

मंडई महापालिकेची. आतले गाळे परवान्याचे. बाजार मात्र गाळ्यांत मावणारा नाही. तो पदपथावर, पुलाखाली, स्टेशनच्या तोंडाशी सांडलेला असतो, आणि गजरे-वेण्या, हार, फुलपुड्या विकणारी किरकोळ मंडळी बहुतेक याच सांडलेल्या भागात बसतात. कायद्याच्या भाषेत ती फेरीवाले.

मुंबईच्या फेरीवाल्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये जो निकाल दिला, त्यात अंतरं ठरली. रेल्वे स्टेशन आणि पालिकेच्या मंडईपासून १५० मीटर, प्रार्थनास्थळं, शाळा-कॉलेजं आणि रुग्णालयांपासून १०० मीटर. त्याच्या आत फेरीवाला नको. हे अंतर भांडी विकणाऱ्याला गैरसोयीचं असेल, फुलवालीला ते मुळावर येणारं आहे. फूल देवळाशी विकलं जातं आणि घरी परतणाऱ्या बाईच्या केसांत माळायला स्टेशनाशी विकलं जातं. न्यायालयाला यातली अर्धी गोष्ट ठाऊक होती. प्रार्थनास्थळाबाहेर भाविकांना लागणारं साहित्य, म्हणजे फुलं, नारळ, उदबत्ती, मेणबत्ती, विकायला परवानगी देता येईल, असं त्याच निकालात नमूद आहे. देवाच्या फुलाला सूट मिळाली. गजऱ्याला नाही. आणि दादरची गंमत अशी, की इथे स्टेशनही आहे आणि पालिकेची मंडईही, म्हणजे दोन्ही बाजूंनी मोजलं तरी फुलवाली दीडशे मीटरच्या आतच सापडते.

बरीच वर्षं हे अंतर कागदावरच राहिलं. २९ सप्टेंबर २०१७ ला परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा जीव गेला. फुलांचा भारा पडला, कुणीतरी ‘फूल गिर गया’ म्हणालं आणि लोकांनी ‘पूल’ ऐकलं, अशी एका जखमी प्रवाशाची हकीगत तेव्हाच्या बातम्यांत होती. रेल्वेच्या चौकशीत मुख्य कारण म्हणून पुढे आले ते अचानक कोसळलेला पाऊस आणि अरुंद जिन्यावरची गर्दी. पण पुलाची रुंदी वाढवायला वेळ लागतो, फेरीवाला हटवायला लागत नाही. महिन्याभरात स्टेशनांबाहेरचे रस्ते मोकळे होऊ लागले, त्यात राजकीय पक्षाचं आंदोलनही आलं, आणि १ नोव्हेंबर २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तीच १५० आणि १०० मीटरची अंतरं पुन्हा बजावली.

वास्तविक तोवर फेरीवाल्यांच्या बाजूचा एक चांगला कायदा येऊन तीन वर्षं झाली होती. संसदेने केलेला पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा बारकाईने वाचावा असा आहे. आधी सर्वेक्षण, मग विक्री प्रमाणपत्र, आणि तोवर कुणालाही हटवायचं नाही, हा त्याचा गाभा. शहर पातळीवरच्या समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, असंही तो सांगतो. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले त्या जागेला ‘नैसर्गिक बाजार’ मानायची सोय त्यात आहे. दादरपेक्षा याचं चांगलं उदाहरण शोधायला लांब जावं लागेल.

आणि जप्तीचं कलम तर जणू फुलवालीला समोर बसवून लिहिलेलं. माल उचलला तर त्याची यादी द्यायची. नाशवंत नसलेला माल मागणी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा, नाशवंत माल त्याच दिवशी. भाजीला हे पुरतं. सकाळी उचललेला गजरा दंड भरून संध्याकाळी परत मिळाला तर त्याचं करायचं काय? मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते, तोवर ती पालिकेच्या गाडीत ढिगाखाली चेपलेली असते. कायद्याचं पालन होतं आणि भांडवल बुडतं. गाडी आल्याची कुणकुण लागताच बायका टोपली उचलून गल्लीत पळतात ते या हिशेबाने.

अंमलबजावणीचं म्हणाल तर मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात ९९ हजारांवर अर्ज आले आणि छाननीनंतर पात्र ठरले ते जेमतेम १५ हजारांच्या आसपास. अधिवासाचा दाखला मोठी अडचण ठरला. समितीच्या निवडणुकीसाठी मतदान व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. दहा वर्षांत शहराने मेट्रोच्या मार्गिका बांधून सुरू केल्या, पण कोण कुठे बसणार याची यादी काही पुरी झाली नाही.

हे झालं विकणाऱ्याचं. फूल विकण्याआधी गुंफावं लागतं, आणि तिथे कायद्याची नजर आणखी मंद होते.

गजरा करताना दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात. दोन कळ्या एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, देठ एकमेकांत, दोऱ्याचा फास, ओढ, की पुढच्या चार. सवयीच्या हाताला बघावं लागत नाही. बाई बोलत असते, पोराला ओरडत असते, फास चुकत नाही. झेंडूच्या हाराचं काम वेगळं. तिथे वीतभर लांब सुई, जाड दोरा, आणि फुलाच्या नेमक्या मधोमध टोचण्याचं कसब. टोचा जरा कडेला गेला की हार एका अंगाला कलतो. सणाच्या आदल्या रात्री हे काम उजाडेपर्यंत चालतं. बोटांना झेंडूचा पिवळा डाग आणि सुईची भोकं. मजुरी नगावर किंवा लडीवर.

ही मजुरी देतो तो मालक आहे का? फुलं त्याची, दोरा बहुधा त्याचा, हार तोच विकतो. बाई मात्र स्वतःच्या घरात बसून काम करते, म्हणून हजेरीपट ना पगारपत्रक. १९६६ चा विडी-सिगार कामगारांचा कायदा घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानत असे. सोलापुरातल्या हजारो जणींना भविष्यनिर्वाह निधीपर्यंतचे हक्क मिळाले ते या बळावर. महाराष्ट्राने तर १९६९ मध्ये माथाडी कायदा करून दाखवला. एक कायमचा मालक नसलेल्या, आज या तर उद्या त्या व्यापाऱ्याचं ओझं वाहणाऱ्या हमालासाठी मंडळ काढलं, व्यापाऱ्यांची नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत द्यायला लावली. अण्णासाहेब पाटलांच्या आंदोलनातून आलेली ही रचना गजऱ्याच्या धंद्याला बसण्याजोगी आहे, कारण गुंफणारीचीही स्थिती तशीच आहे. ती चार व्यापाऱ्यांची आणि कुणाचीच नाही. फरक इतकाच, की हमाल बाजारात एकत्र दिसतात, संप करू शकतात. गुंफणाऱ्या बायका चाळी-झोपड्यांच्या उंबऱ्यांआड विखुरलेल्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांपैकी सामाजिक सुरक्षेच्या संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. व्याख्येने ओळख मिळते. हाराचा दर मात्र तिथे ठरत नाही.

दुकानाची पायरी चढलेल्या फुलवाल्याची तऱ्हा आणखी वेगळी. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ साली नव्याने आला आणि त्याने कामाचे तास, सुट्ट्या, स्त्रियांची रात्रपाळी यांचे नियम तेव्हा दहा किंवा अधिक कामगारांच्या दुकानांपुरते ठेवले होते. त्या नियमांत रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. फुलांच्या धंद्याचा सगळा जोर नेमका याच वेळेत. पण पुष्पगुच्छांच्या दुकानात असतात तीन-चार माणसं, त्यामुळे हे संरक्षण तिथवर पोचतच नाही. पोचली ती पाटी. मराठी नामफलकाची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू झाली. पाटी मराठीत हवी याबद्दल वाद नाही. छोट्या दुकानात शिरायचंच होतं तर कायद्याने पाटीपाशी का थांबावं, एवढाच प्रश्न आहे.

करात मात्र फुलाची चैन आहे. ताज्या फुलांवर जीएसटी शून्य. या सवलतीने धंदा तगला असता, पण स्पर्धा आली ती न कोमेजणाऱ्या फुलाची. १ जुलै २०२२ पासून केंद्राने एकदा वापरून फेकायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली, त्यांत सजावटीचा थर्माकोल होता, प्लास्टिकची फुलं नव्हती. फूल उत्पादकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. जुलै २०२५ मध्ये विधानसभेत हा विषय शंभरावर आमदारांच्या सह्यांनिशी आला आणि फलोत्पादन मंत्री भरत गोगावले यांनी बंदी आणण्याचं जाहीर केलं. युक्तिवाद सगळा उत्पादकाच्या बाजूने झाला. पॉलिहाऊसचं कर्ज, सणात पडणारे भाव. तो खराच आहे. प्लास्टिकचं तोरण सलग तीन गणपतींना चालतं, तेव्हा शेतकऱ्याचा झेंडू जातो आणि सोबत तीन वर्षांची गुंफणावळही. ही दुसरी वजाबाकी कुणी मांडली नाही.

बंदी आली तर तिचा दंडुका कुठे पडेल याचा अंदाज २०१८ च्या प्लास्टिकबंदीवरून बांधता येतो. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड; पातळ पिशवी बनवणाऱ्या कारखान्याला आणि त्या पिशवीत पाव किलो झेंडू घालून देणाऱ्या फुलवालीला दर एकच. कारखाना शोधावा लागतो. फुलवाली स्टेशनबाहेर बसलेली असते.