मळणीचा हंगाम आणि कानातील नाद

मळणी उरकली म्हणजे खळ्यावरील धुरळा बसतो, यंत्र पुढच्या गावास जाते आणि शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. परंतु त्याच सुमारास कित्येकांच्या कानात एक निराळाच आवाज सुरू झालेला असतो. रात्री निजावयास गेले की रातकिड्यांसारखी किरकिर, बारीक शिट्टी, किंवा दूर कोठे तरी गिरणी चालू असावी तशी घरघर ऐकू येऊ लागते. शेजारी निजलेल्यास मात्र काहीच ऐकू येत नाही. म्हणून असा मनुष्य पुष्कळदा ही गोष्ट कोणापाशी काढीत नाही, आणि काढलीच तर 'मनाचे खेळ' म्हणून त्याची बोळवण होते.

हे मनाचे खेळ नव्हेत. आपल्याकडील वैद्यांना ही व्यथा फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. 'माधवनिदान' या ग्रंथात कर्णनादाचे वर्णन करताना भेरी, मृदंग आणि शंख यांच्या आवाजांची उपमा दिली आहे. आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने कर्णनाद हा स्वतंत्र रोग नसून एक लक्षण आहे, आणि ते बहुधा श्रवणशक्ती कमी झाल्याचे असते.

अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखा वेटोळा अवयव असतो. त्यात सुमारे १५,००० अतिसूक्ष्म केसपेशी असून बाहेरचा ध्वनी मज्जातंतूंपर्यंत पोहोचविण्याचे काम त्या करतात. मोठ्या आवाजाच्या सततच्या माऱ्याने त्या मरतात. पीक करपले तर पुढील हंगामात पुन्हा पेरता येते; मनुष्याच्या कानातील या पेशी मात्र पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारे संदेश असे क्षीण झाले म्हणजे मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवितो, आणि अंधुक लागणाऱ्या केंद्रासाठी रेडिओचा आवाज वाढविला असता जशी खरखर वाढते, तसा हा नाद ऐकू येतो, असे तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत आहे.

येथे १९५३ साली अमेरिकेत हेलर व बर्गमन यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. ऐकू येण्याची काही तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना त्यांनी एकेक करून ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसविले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांनी कोणता ना कोणता आवाज ऐकू आल्याचे सांगितले. पूर्ण शांततेत निरोगी कानासही नाद ऐकू येतो, असा याचा अर्थ. मग ज्याच्या कानास इजा झाली आहे, त्याने रात्री दारे-खिडक्या लावून निःशब्दतेत पडून राहणे म्हणजे त्या नादास आमंत्रण देण्यासारखेच होय.

म्हणून पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. निजण्याच्या खोलीत मंद, एकसुरी आवाज चालू ठेवावा: पंख्याचा, हळू लावलेल्या रेडिओचा किंवा भ्रमणध्वनीवरील पावसाच्या आवाजाचा. तो कानातील नादापेक्षा किंचित हलकाच असावा. नाद बुडविण्यासाठी मोठा आवाज लावणे म्हणजे आग विझविण्यास रॉकेल ओतणे आहे. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी मेंदूस त्या नादाची सवय होऊ लागते. वाड्याबाहेरील ओढ्याचा खळखळाट घरच्या माणसांच्या कानी पडूनही त्यांस जाणवत नाही, तसेच हे आहे. नाद नाहीसा झाला नाही तरी त्याचा जाच पुष्कळ कमी होतो.

परंतु याआधी डॉक्टरांकडून कान तपासून घेणे अवश्य आहे, कारण काही कारणे सहज दूर होण्यासारखी असतात. कानात साचून घट्ट झालेला मळ हे त्यांपैकी एक. तो काडीने, किल्लीने किंवा आठवडे बाजारातील कान कोरणाऱ्याकडून काढवू नये. लसूण घालून कढविलेले गरम तेल कानात ओतण्याची चाल अजून अनेक घरांत आहे. पडदा फाटलेला असल्यास त्याने अपायच होतो. क्विनीन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन यांनीही कानात नाद उत्पन्न होऊ शकतो. तथापि चालू औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांस तसे सांगावे.

पुढील परिस्थितीत मात्र दिरंगाई करू नये. नाद एकाच कानात असणे, नाडीच्या ठोक्याबरोबर तो वाजणे, सोबत घेरी येणे, कानातून पू किंवा रक्त येणे, डोक्यास मार लागल्यावर नाद सुरू होणे, ही लक्षणे दिसताच तज्ज्ञांकडे जावे. एकाएकी बहिरेपणा आल्यास तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उपचारास उशीर झाला तर गेलेले ऐकणे परत येण्याची आशा मावळत जाते.

नाद कायमचा घालविणारी गोळी आजवर निघालेली नाही. तशी हमी देऊन पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. एका शेतकऱ्याच्या बियाण्याचे पैसे अशा बाटल्यांत जाणे बरे नव्हे. ज्यास ऐकूही कमी येते, त्यास श्रवणयंत्राने दुहेरी लाभ होतो, कारण बाहेरचे आवाज स्पष्ट झाले की आतला नाद मागे पडतो. केंद्र शासनाच्या 'एडिप' योजनेतून पात्र व्यक्तींस अशी साधने मिळतात. नादाचा जाच कमी करण्यास प्रशिक्षित समुपदेशकाच्या बैठकींचा उपयोग होऊ शकतो, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यातही दिसून आले. नादास कंटाळून जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार कोणी बोलून दाखविल्यास ग्रामसेवकांनी वा आशा स्वयंसेविकांनी ते हसण्यावारी नेऊ नयेत. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर त्याचे बोलणे करून द्यावे, आणि त्यास एकटे सोडू नये.

आता खळ्याकडे वळू. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाकाठी ८ तासांपर्यंत, आणि पुढे दर ३ डेसिबेलला निम्मा वेळ, अशी मर्यादा अमेरिकेतील शासकीय संस्थेने १९९८ साली सुचविली आहे. त्या हिशेबाने ९४ डेसिबेलला एक तास, तर १०० डेसिबेलला अवघी १५ मिनिटे मिळतात. मळणी यंत्राजवळ किंवा बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर ९० डेसिबेलच्या वर आवाज असणे नित्याचेच आहे, आणि तेथे पेंढ्या सारणारा मजूर दिवसभर उभा असतो. संध्याकाळी कान दडे बसल्यासारखे झाले, सकाळी मोकळे झाले, म्हणून निर्धास्त राहू नये. ती इजेची पहिली सूचना असते.

कापसाच्या बोळ्याने आवाज फारसा अडत नाही. फोमचे कर्णरोधक स्वस्त असतात. ते स्वच्छ बोटांनी वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढून आत सारावे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावे. मफलर किंवा उपरणे कानाभोवती गुंडाळण्याची सवय तर सर्वथा सोडावी. त्याने आवाज थांबत नाहीच, शिवाय लोंबते टोक पट्ट्यात सापडून प्राणावर बेतते. कर्णरोधक घातल्यावर हाक ऐकू येत नाही, तेव्हा यंत्र थांबविण्याची हाताची खूण काम सुरू होण्यापूर्वीच सर्वांनी ठरवून घ्यावी. सारणाऱ्यांची दर तासाला अदलाबदल करावी. काम आटोपल्यावर कर्णरोधक काढून ठेवावे. ते घरीही घालून बसल्यास शांततेत नाद अधिकच जाणवतो.