भिवंडीच्या छातीचा फोटो

छातीचा एक्स-रे काढताना माणसाची पाठ यंत्राकडे असते. छाती समोरच्या फलकाला टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे. मग मोठा श्वास घेऊन रोखायचा. भिवंडीत या सूचना मराठीत एकदा, हिंदीत दोनदा आणि रुग्ण पद्मानगरचा असेल तर जमेल तशा तेलुगूतही द्याव्या लागतात. तंत्रज्ञाचा निम्मा दिवस ‘साँस रोको’ म्हणण्यातच जातो.

पाठ का? हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असतं म्हणून. भिंतीवर हाताची सावली पाडताना हात भिंतीजवळ असला तर सावली हाताएवढी पडते, दिव्याकडे सरकला की ती फुगते. हृदयाचंही तसंच. छाती फलकाला चिकटली की हृदयाचा आकार जवळपास खरा येतो. त्याचसाठी किरणांची नळी सहा फूट मागे ठेवतात. कोपरं पुढे घेतली की खांद्यांची पाती फुप्फुसांवरून बाजूला होतात. श्वास भरला की छाती आणि पोटामधला पडदा खाली जातो आणि फुप्फुसाचा तळ उघडा पडतो. माणूस उभा हवा, कारण छातीत पाणी झालं असेल तर ते तळाशी साचून दिसतं. अर्ध्या मिनिटाच्या या कवायतीत एकही गोष्ट निरर्थक नाही. घाईत ती चुकली, तर नसलेला आजार दिसतो किंवा असलेला लपतो.

सहा फुटांवरच्या त्या नळीत एका टोकाला तापलेली तार असते, दुसऱ्या टोकाला टंगस्टनची तबकडी. मधे निर्वात पोकळी. तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन लाखभर व्होल्टच्या ओढीने तबकडीवर आदळतात. त्यातल्या ऊर्जेचा जेमतेम एक टक्का क्ष-किरण होतो, बाकी सगळी उष्णता. म्हणून ती तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत फिरते, नाहीतर एकाच जागी मार बसून ती वितळेल. बटण दाबल्यावर जी घरघर ऐकू येते ती तिचीच. हे किरण शरीरातून जाताना हवेला सहज ओलांडतात, चरबीत थोडे अडतात, स्नायू आणि पाण्यात अधिक, हाडात बरेच, धातूत जवळपास सगळे. क्ष-किरण चित्राची अक्षरं एवढीच: हवा, चरबी, पाणी, हाड, धातू. हवेने भरलेलं निरोगी फुप्फुस काळं दिसतं, आणि त्या काळ्यात जिथे पांढरं दिसेल तिथे चौकशी सुरू होते.

विल्हेल्म राँटगेनला हे किरण 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतल्या व्यूर्झबर्गमध्ये सापडले. काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीत वीज सोडल्यावर जवळचा बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा पडदा अंधारात चमकू लागला. 22 डिसेंबरला त्याने पत्नीच्या हाताचं चित्र काढलं, हाडं आणि अंगठीसकट. त्याने पेटंट घेतलं नाही, आणि हे उपकार लहान नव्हेत. शोध जगभर पसरायला वर्षही लागलं नाही. 1897-98 मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर एक्स-रेचं यंत्र घेऊन हिंडत होता, जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधायला. भरवशाची नळी मात्र 1913 साली विल्यम कूलिजने दिली. आजच्या नळ्या तिच्याच वंशातल्या.

त्या आरंभाची किंमतही मोजली गेली. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली नळीपुढे आपलेच हात धरून चाचण्या घ्यायचा. हात गेले, आणि 1904 मध्ये जीवही. हॅम्बुर्गमधल्या सेंट जॉर्ज रुग्णालयात 1936 साली अशा बळींचं स्मारक उभं राहिलं. शिशाचा एप्रन, काचेआडची खोली, दारावरचा लाल दिवा ही सगळी शिस्त त्या माणसांनी आपल्या कातडीवर शिकवलेली आहे.

आता भिवंडी. मुंबईपासून तासा-दीड तासावरचं, 2011 च्या जनगणनेत सात लाखांवर पोचलेलं, यंत्रमागांच्या खडखडाटात झोपणारं गाव. यंत्रमाग इथे आधीपासून होते, पण जानेवारी 1982 मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कापड विणण्याचं काम मोठ्या प्रमाणात इकडे सरकलं. गिरण्यांनी भंगारात काढलेले माग इथे येऊन पुन्हा चालू झाले. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून माणसं आली. बारा-बारा तासांच्या पाळ्या, पत्र्याच्या शेडमध्ये कोंदलेली हवा, एकाच खोलीत आळीपाळीने झोपणारी डझनभर माणसं, खानावळीतलं जेवण. क्षयाच्या जंतूला याहून सोयीची जागा मिळायची नाही. तो खोकल्यातून हवेत जातो आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो.

माग आणि एक्स-रे यंत्र या गावात वर्षानुवर्षं एकाच विजेवर रडत होते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. व्होल्टेज पडलं की मागाचा वेग पडतो, आणि एक्स-रेच्या नळीतली ओढही पडते. चित्र फिकट येतं, पुन्हा काढावं लागतं. म्हणजे रुग्णाला दुप्पट किरणं आणि संस्थेला दुप्पट फिल्म. 2007 मध्ये इथलं वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवरकडे गेलं. बिलांवरून या गावात आजही भांडणं होतात, पण त्याआधीचं भारनियमन आठवणारा माणूस विजेबद्दल बोलताना जरा जपून बोलतो.

शहरातलं मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, गावाच्या तोंडी ‘आयजीएम’. शिवाय नाक्यानाक्यावर खासगी एक्स-रे केंद्रं. जुन्या केंद्रांमध्ये एक अंधारी खोली असायची. कॅसेटमधून फिल्म काढायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, धुवायची, मग चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत, मग पुन्हा धुवून तारेवर वाळत घालायची. फिल्मवर चांदीचे क्षार असत, त्यामुळे जुन्या फिल्म आणि वापरलेला हायपो विकत घेणारेही होते. त्यातली चांदी काढून ते पोट भरत. संगणकीय पद्धत आली आणि अंधारी खोली गेली. आता चित्र काही सेकंदांत पडद्यावर उमटतं. चांदीवाले दिसेनासे झाले.

क्षयाशी या यंत्राचं नातं मात्र सरळ रेषेतलं नाही. ब्राझीलच्या मानुएल द अब्रेऊने 1936 मध्ये चमकत्या पडद्यावरचं चित्र छोट्या फिल्मवर टिपण्याची युक्ती काढली. स्वस्तात हजारो छात्या तपासता येऊ लागल्या. भारतात 1955 ते 1958 या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने याच पद्धतीने पहिलं मोठं क्षय-सर्वेक्षण केलं. क्षय म्हणजे शहराचा रोग, हा समज त्याने मोडला. खेड्यांत आणि शहरांत प्रमाण जवळपास सारखंच निघालं.

आणि नेमक्या त्याच सुमारास एक्स-रेवरचा विश्वास ढळला. अमेरिकेत जेकब यरुशाल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की तीच चित्रं अनुभवी डॉक्टरांपुढे ठेवली तर त्यांचं एकमत होत नाही. एवढंच काय, तोच डॉक्टर काही महिन्यांनी तीच चित्रं पाहताना स्वतःशीही सहमत होत नाही. इकडे बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी 1963 मध्ये वेगळंच दाखवलं. क्षयाचे जवळपास निम्मे रुग्ण आपणहून दवाखान्यात आलेले असतात. तिथे त्यांना खोकल्याची बाटली देऊन घरी पाठवलं जातं. मग गावोगाव गाड्या फिरवून फोटो कशाला काढायचे? आलेल्या माणसाचा थुंका सूक्ष्मदर्शकाखाली बघा. हा निष्कर्ष शहाणपणाचा आणि गरीब देशाला परवडणारा होता. 1974 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही सरसकट फोटो-तपासण्या बंद करण्याचा सल्ला दिला. पुढे अनेक वर्षं क्षय-कार्यक्रमात एक्स-रे दुय्यम राहिला.

तो परत आला आकड्यांमुळे. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात दिसलं की छातीचा एक्स-रे वापरला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के सुटून गेले असते. त्यांना खोकला नव्हता, ताप नव्हता, किंवा होता तरी त्यांनी तो सांगण्याजोगा मानला नव्हता. पंधरावं वर्ष ओलांडलेल्या दर लाख लोकांमागे प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फुप्फुसांच्या क्षयाचं प्रमाण 316 निघालं. पाळी चुकली की मजुरी बुडते, अशा गावात ‘खोकला आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येणार. एक्स-रे असं विचारत बसत नाही. बॅनर्जी-अँडरसन चुकले नव्हते. जे दवाखान्यात आलेच नाहीत, ते त्यांच्या उत्तरात बसत नव्हते एवढंच.

पण यंत्राची मर्यादा याच गावात सर्वांत उघड होते. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा छाती आवळणारा आजार सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी हमखास जोर करतो. त्याची एक्स-रेवर स्वतःची अशी खूण नाही. तो कळतो कामगाराशी बोलून आणि फुंकून फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या तपासणीतून. तो मुख्यतः पिंजण आणि कताईच्या खात्यांतला. विणकामात धूळ कमी, आणि भिवंडीत कृत्रिम धागाही भरपूर. तरीही ‘फोटो चांगला आहे’ या एका वाक्यावर दम लागणाऱ्या माणसाला परत पाठवणं हा माझ्या मते या यंत्राचा सर्वांत वाईट वापर आहे. फोटो चांगला असणं आणि छाती चांगली असणं यांत अंतर आहे.

किरणांची भीतीही मापात ठेवावी. छातीच्या एका फोटोतून मिळणारा डोस साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट. माती, आकाश आणि अन्नातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे फोटोचा हिशेब तीनेक दिवसांच्या जगण्याएवढा. छातीच्या सीटी स्कॅनचा डोस मात्र याच्या शेकडो पट असतो, तेव्हा तो हौसेने करून घेऊ नये. खरी काळजी घ्यायची ती तंत्रज्ञाची. त्याच्या छातीवर एप्रनच्या आत टीएलडी बॅज असतो. त्यातल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या किरणांची ऊर्जा साठवतात आणि तापवल्यावर प्रकाश देतात. त्यावरून त्याचा डोस मोजतात. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट. हे नियम मुंबईच्या अणुशक्तीनगरातलं अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं. यंत्राला त्याचा परवाना लागतो. बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करणारे तंत्रज्ञ आहेत, आणि ते करून घेणारे मालकही.

आता साडेतीन किलोची हातात धरायची यंत्रं आली आहेत. मागाच्या शेडमध्ये, गल्लीत, गोदामाबाहेर फोटो काढता येतो. मुंबईत 2016 साली सुरू झालेल्या क्युअर डॉट एआयसारख्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर क्षणात सांगतं की ही छाती संशयास्पद आहे. मोठ्या माणसांच्या क्षय-तपासणीत अशा संगणकीय वाचनाला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली. यरुशाल्मींनी दाखवलेली अडचण निदान अर्धी तरी सुटली: संगणक आज आणि उद्या तेच सांगतो. पण संशय म्हणजे निदान नव्हे. त्यापुढे थुंक्याची रेणवीय तपासणी हवीच, गोव्यात बनणारं ट्रूनॅट असो की दुसरं काही. कारण बरा झालेला क्षयही फुप्फुसावर आपला वण आयुष्यभर ठेवून जातो, आणि जुना वण की नवा आजार हे एका फोटोवरून ना डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकतो, ना संगणक.

ते सांगतो जुना फोटो. दोन वर्षांपूर्वीची सावली जशीच्या तशी असेल तर बहुधा काळजी नाही. वाढली असेल तर आहे. भिवंडीतला कामगार मात्र ईदला, छठला, पेरणीला गावी जातो, आणि जाताना फिल्म खोलीच्या माळ्यावर राहते. कधी मागे राहतो तो फक्त फोनवर काढलेला फिल्मचा फोटो, आणि त्यात बारीक ठिपके उरत नाहीत. म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या कारखान्यात, गोदामात, घरकामाला असलेल्या माणसाने छातीचा एक्स-रे काढला असेल तर मूळ फिल्म किंवा मूळ डिजिटल फाइल मागून घ्यायला सांगा, त्यावर तारीख आहे ना ते पाहा, आणि गावी जाताना ती त्याच्या पिशवीत गेली आहे याची खात्री करा.