पावणेतीन किलोमीटरची वाट

वांद्रे-वरळी सागरी सेतू 5.6 किलोमीटर लांबीचा. आता त्याच्या बरोबर निम्मं अंतर डोळ्यांसमोर आणा: 2.8 किलोमीटर. सिंगापूरजवळच्या फिलिप्स चॅनेलमध्ये समुद्र जेमतेम तेवढाच रुंद आहे. हिंदी महासागरातून चीन, जपान, कोरियाकडे जाणारी बहुतेक जहाजं याच चिंचोळ्या वाटेने जातात. मलाक्काची सामुद्रधुनी पश्चिमेच्या तोंडाशी चांगली ऐसपैस आहे, पण सुमारे 900 किलोमीटर पूर्वेला येईपर्यंत तिचा गळा असा आवळत जातो.

2024 साली इथून 94,000 हून अधिक जहाजं गेली. रात्रंदिवस, वर्षभर, दर साडेपाच मिनिटांना एक. मुंबईची लोकल आठवावी अशी ही ये-जा. पण लोकलला ब्रेक असतो. भरलेलं तेलवाहू जहाज इंजिन बंद केल्यावरही काही किलोमीटर पुढे जातच राहतं.

तेलाचा हिशेब तर ऐकूनच गरगरतं. रोज सुमारे 2.3 कोटी पिंपं. एका पिंपात 159 लिटर, म्हणजे दिवसाला 365 कोटी लिटर. रस्त्यावर दिसणारा वीस हजार लिटरचा टँकर घ्या: असे दोन टँकर दर सेकंदाला इथून निघून जातात. एका महाकाय जहाजात वीस लाख पिंपं मावतात. तेवढं तेल रस्त्याने न्यायचं तर सोळा हजार टँकर लागतील, आणि ते एकामागे एक चिकटून उभे केले तर रांग मुंबईहून थेट पुण्यात पोचेल. ही एका जहाजाची गोष्ट.

एवढं सगळं एका गळ्यातून जातं, म्हणून तो गळा कोणाच्या हातात, हा प्रश्न पाचशे वर्षं जुना आहे. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो दि आल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1511 मध्ये मलाक्का शहर, तेही हजार-बाराशे माणसांनिशी. 1515 मध्ये त्याने पर्शियन आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझवर पकड बसवली. मुलूख जिंकत बसण्यापेक्षा समुद्राच्या नाक्यांवर बसावं, हे त्याला कळलं होतं. पुढे 1641 मध्ये मलाक्का डचांकडे गेलं, 1824 च्या तहाने इंग्रजांकडे.

हा गळा कोणी आवळेल, ही धास्ती आज चीनला आहे. तेव्हाचे चिनी राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांनी 2003 मध्येच ती बोलून दाखवली. ही वाट टाळायची म्हणून चीनने म्यानमारमधून तेलवाहिनी टाकली. 2017 पासून तिच्यातून कच्चं तेल वाहू लागलं. तिची क्षमता दिवसाला साधारण 4.4 लाख पिंपं. सामुद्रधुनीतून रोज जातं त्याचा हा पन्नासावा हिस्सासुद्धा नाही. डोंगर-दऱ्या ओलांडून टाकलेली ती नळी या पाण्यापुढे धाग्याएवढी ठरते.

या गळ्याशी बसलेल्या सिंगापूरकडे स्वतःची तेलविहीर नाही, तरी 2024 मध्ये त्याने जहाजांना जवळपास 5.5 कोटी टन इंधन विकलं. त्याच वर्षी त्याच्या बंदराने वीस फुटी मापाने 4.11 कोटी कंटेनर हाताळले. ते सलग मांडले तर पृथ्वीला सहा वेढे बसतील. आपल्या न्हावा शेव्याचा 2024-25 चा आकडा 73 लाख. कोरिया-चीनहून तिथे उतरणारा माल याच वाटेने आलेला असतो.

आता जरा खाली वाकून पाहू. भरलेल्या महाकाय जहाजाची लांबी सव्वातीनशे मीटरच्या पुढे, पाण्याखाली वीस मीटर पोट. इथल्या नियमानुसार त्या पोटाखाली किमान साडेतीन मीटर पाणी हवं; म्हणजे घराच्या एका मजल्याएवढं. भरतीची वेळ साधत, उथळ जागा चुकवत, जहाज पुढे सरकतं. त्यावर माणसं किती? वीस-पंचवीस. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांतला कोणी ना कोणी 'शिपवर' असतो. त्यातलाच एखादा अशा जहाजावर रात्रीच्या पहाऱ्याला असेल. पोटात बत्तीस कोटी लिटर तेल, खाली साडेतीन मीटर पाणी, समोरून दिवे लुकलुकत येणारं दुसरं जहाज. महासत्तांचे हिशेब त्या रात्री त्याच्या उघड्या डोळ्यांवर तोललेले असतात. या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत मोठा वाटतो तो हा पंचवीसचा.