गुगल मॅप्स, ॲपल मॅप्स की मॅपल्स? संभाजीनगरात नेमकं कुणाचं ऐकायचं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी गाडीत मॅपल्स ॲप वापरतानाचा व्हिडिओ एक्सवर टाकला आणि लोकांनी हे स्वदेशी ॲप वापरून बघावं असं सांगितलं. मग काय, रील्सचा पाऊस पडला. 'गुगल मॅप्स आजच डिलीट करा' इथपासून ते 'काही झालं तरी गुगलच' इथपर्यंत. त्यात आयफोनवाल्यांचा तिसरा सूर वेगळाच.

छत्रपती संभाजीनगरसाठी हा वाद जरा जास्तच रंजक आहे. कारण या शहराचं नाव नकाशावर बदललं, रेल्वे स्टेशनचा कोड बदलला, शेजारून समृद्धी महामार्ग गेला, चाळीसगावकडे उतरणारा घाट जड वाहनांना बंद झाला आणि हे सगळं पाच वर्षांच्या आत. नकाशा ॲपची परीक्षा घ्यायची तर याहून चांगलं शहर सापडणं अवघड.

आधी फोनचा वाद मिटवू

'आयफोनचं लोकेशन एकदम परफेक्ट असतं' हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. यात तथ्य थोडं आणि कौतुक जास्त आहे.

तुम्ही कुठे आहात हे ॲप शोधत नाही, फोनमधली चिप शोधते. किमान चार उपग्रहांचे सिग्नल पकडून, प्रत्येक सिग्नलला यायला किती वेळ लागला यावरून ती तुमची जागा काढते. अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू आणि आपलं नाविक, यातल्या जितक्या यंत्रणा चिपला समजतात तितकं चांगलं. म्हणजे फरक अँड्रॉइड आणि आयफोन असा नसून चिप आणि चिप यांच्यातला आहे. आयफोनमध्ये नाविकचा सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो मॉडेल्सपासून आला. अँड्रॉइडच्या काही फोनमध्ये तो त्याच्या बऱ्याच आधीपासून होता, तेही मध्यम किमतीच्या.

इथेच एक मोठा गैरसमज पसरला आहे. मॅपल्स वापरलं म्हणजे आपोआप इस्रोच्या उपग्रहांवरून रस्ता दिसतो, असं अनेक रील्समध्ये सांगितलं गेलं. मॅपल्स बनवणाऱ्या मॅपमायइंडिया या कंपनीचा इस्रोशी फेब्रुवारी २०२१ मध्ये करार झाला हे खरं आहे. पण तुमच्या चिपला नाविक समजत नसेल तर ॲप कितीही स्वदेशी असो, लोकेशन जीपीएस आणि बाकीच्या यंत्रणांवरूनच येणार. उलट चिपला समजत असेल तर गुगल मॅप्स वापरतानाही नाविकचा फायदा मिळतो.

आणखी एक साधी गोष्ट, जिच्यामुळे बिचाऱ्या ॲपला उगाच शिव्या बसतात. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून दोन्हीकडे अचूक लोकेशन द्यायचं की अंदाजे, हे आपण ठरवू शकतो. कधीतरी घाईत 'अंदाजे'वर बोट पडतं आणि मग निळा ठिपका क्रांती चौकाऐवजी भलतीकडेच फिरत बसतो. सेटिंग्जमध्ये जाऊन ते एकदा तपासावं.

जालना रोड लाल आहे हे गुगलला कसं कळतं?

तुमच्यामुळेच. ज्यांच्या फोनमध्ये लोकेशन सुरू आहे असे फोन किती वेगाने सरकतायत, यावरून रस्त्याचा रंग ठरतो. त्यात जुन्या दिवसांची आकडेवारी मिसळली जाते, म्हणजे सोमवारी संध्याकाळी इथे साधारण किती गर्दी असते वगैरे.

हे किती सहज फसवता येतं ते सायमन वेकर्ट या जर्मन कलाकाराने फेब्रुवारी २०२० मध्ये दाखवलं. त्याने ९९ फोन एका छोट्या हातगाडीत टाकले आणि बर्लिनच्या रस्त्यावरून चालत निघाला. गुगल मॅप्सवर तो मोकळा रस्ता लालभडक झाला. नकाशाला गाड्या दिसत नाहीत, फोन दिसतात.

भारतात दहापैकी नऊहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइड आहेत आणि गुगल मॅप्स त्यात आधीपासून असतं. आयफोनवालेही मोठ्या संख्येने तेच वापरतात. त्यामुळे ट्रॅफिकच्या बाबतीत गुगलला हरवणं सध्या तरी कुणालाही कठीण आहे. हा हुशारीपेक्षा संख्येचा खेळ आहे. आकाशवाणी चौक ते मुकुंदवाडी जायला किती मिनिटं लागतील, हे ज्याच्याकडे जास्त फोन तोच बरोबर सांगणार. ॲपल मॅप्सने भारतात वळणावळणाला दिशा सांगणं सुरूच केलं २०१९ मध्ये. गुगलचा नकाशा त्याआधी चौदा वर्षं, २००५ पासून, बाजारात होता.

रस्ता आहे, पण तिथून जाता येत नाही

खरी गोची इथे आहे, आणि तिची किंमत कधीकधी जीवाने मोजावी लागते.

नकाशा ॲपच्या दृष्टीने रस्ते म्हणजे ठिपके आणि रेषा. चौक हा ठिपका, दोन चौकांमधला रस्ता ही रेषा, आणि प्रत्येक रेषेला लागणारा वेळ. एड्सगर डाइक्स्ट्रा नावाच्या डच संगणकतज्ज्ञाने १९५६ मध्ये सगळ्यात कमी वेळाची वाट शोधायची पद्धत बसवली. आजची ॲप्स खूप पुढे गेली असली तरी मूळ कल्पना तीच. गणित एकदम पक्कं. पण एखादी रेषा नकाशावर आहे आणि प्रत्यक्षात नाही, तर हेच पक्कं गणित तुम्हाला आत्मविश्वासाने तिकडे नेतं.

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात हेच घडलं. कळसूबाईला निघालेले पुण्याचे तिघे रात्री कोतूळहून अकोल्याकडे जात होते. नकाशाने जवळचा रस्ता दाखवला. त्या रस्त्यावरचा पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता. स्थानिक लोकांना हे माहीत होतं, कारण पाणी सोडलं की दरवर्षी काही महिने तो पूल बुडतो. अंधारात गाडी थेट पाण्यात गेली. दोघे बाहेर पडले, चालकाचा मृत्यू झाला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. पुराने पुलाचा भाग वाहून गेला होता, नकाशावर पूल शाबूत होता, आणि रस्त्यावर धड अडथळाही लावलेला नव्हता. तिथे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या अभियंत्यांवर गुन्हा दाखल झाला आणि गुगलही चौकशीच्या फेऱ्यात आलं. दोष कुणाचा, यावर तेव्हा खूप चर्चा झाली. पण पूल तुटल्यावर दोन्ही बाजूंना भिंत किंवा मातीचा ढीग टाकायला कुठलंही ॲप लागत नाही, हेही खरंच.

आता आपल्या जवळचं उदाहरण. कन्नड आणि चाळीसगावच्या मधला औट्रम घाट. खानदेशात भिल्लांमध्ये काम केलेल्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याचं हे नाव, लोक मात्र कन्नड घाटच म्हणतात. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी मुसळधार पावसात इथे दरडी कोसळल्या आणि घाट बंद करावा लागला. पुढे रोजच्या कोंडीचा विषय उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेला आणि ११ ऑगस्ट २०२३ पासून जड वाहनांना घाट बंद झाला. ट्रकवाल्यांना नांदगाव, मालेगावकडून लांबचा वळसा.

मग नकाशा ट्रकवाल्याला काय सांगतो? गुगल मॅप्सच्या साध्या ॲपमध्ये कार आहे, दुचाकी आहे, बस-रेल्वे आहे, पायी चालणं आहे. ट्रकसाठी वेगळा पर्याय नाही. त्यामुळे ट्रकचालक कारचाच रस्ता बघतो, आणि कारला घाट सुरू असतो. बाहेरच्या राज्यातून पहिल्यांदा आलेल्या चालकाला बंदी कळते ती घाटाच्या तोंडाशी, तिथून गाडी वळवताना. न्यायालयाचा आदेश हा 'कोणत्या वाहनाला' या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि नकाशा तो प्रश्न विचारतच नाही.

समृद्धीचं याच्या उलट. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग. तिथे दुचाकीला बंदी आहे. गुगलने दुचाकीचा पर्याय डिसेंबर २०१७ मध्ये जगात सगळ्यात आधी भारतातच आणला. पण बाईकवर असताना ॲप कारच्या मोडमध्ये ठेवलं तर ते आनंदाने सावंगीच्या इंटरचेंजकडे पाठवेल. चूक त्याची म्हणता येणार नाही.

औरंगाबाद टाकायचं की संभाजीनगर?

२९ जून २०२२ ला उद्धव ठाकरे सरकारच्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत नामांतराला मंजुरी मिळाली. १६ जुलैला शिंदे सरकारने 'छत्रपती संभाजीनगर' असा नव्याने निर्णय घेतला. केंद्राची मंजुरी यायची बाकी होती, तरी त्याच जुलैत गुगल मॅप्सवर 'संभाजीनगर' दिसू लागलं. सोशल मीडियावर दोन्ही बाजूंनी रान उठलं, आणि तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांनी गुगलला जाहीरपणे जाब विचारला. केंद्राची मंजुरी आली २४ फेब्रुवारी २०२३ ला. म्हणजे नकाशा सरकारच्याही पुढे धावला होता.

राजकारण बाजूला ठेवलं तरी वापरणाऱ्याचा प्रश्न उरतोच. नाव बदललं की ॲप जुनं नाव सहसा फेकून देत नाही, ते पर्यायी नाव म्हणून मागे ठेवतं, त्यामुळे दोन्ही नावांनी शहर सापडतं. गोंधळ होतो तो सारख्या नावांचा. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. संभाजीनगर कोल्हापुरात आहे, चिंचवडमध्येही आहे. शोधताना ॲप तुमच्यापासूनचं अंतर आणि ठिकाण किती प्रसिद्ध आहे हे दोन्ही बघतं. म्हणून कोल्हापुरात उभं राहून नुसतं 'संभाजीनगर' टाकलं तर आधी तिथला भाग समोर आला तर नवल नाही. 'छत्रपती' जोडलं की प्रश्न सुटतो.

रेल्वेचं तिकीट काढताना मात्र सवय बदलावी लागेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टेशनचं नाव बदललं आणि एडब्ल्यूबी हा जुना कोड जाऊन सीपीएसएन आला. विमानाच्या तिकिटावर शहराचा कोड मात्र आयएक्सयूच.

बाबा पेट्रोल पंप नकाशावर कुठे असतो?

इथल्या माणसाला पत्ता विचारा, तो महावीर चौक म्हणणार नाही, बाबा पेट्रोल पंप म्हणेल. टीव्ही सेंटर, दूध डेअरी, मोंढा नाका, हे सगळे पत्ते खुणांवर चालतात. गुगलने हे भारतात लवकर ओळखलं आणि दिशा सांगताना खुणा सांगायला सुरुवात केली. मॅपल्सचा भर वेगळा आहे. चौकाचं किंवा उड्डाणपुलाचं त्रिमितीय चित्र दाखवून नेमक्या कोणत्या लेनमध्ये राहायचं ते ते सांगतं, खड्डे आणि स्पीडब्रेकरचा इशाराही देतं. जालना रोडच्या उड्डाणपुलांवर, वर चढायचं की खालून जायचं हे कळत नाही तेव्हा हे चित्र खरंच कामाचं आहे.

जुन्या शहरात मात्र सगळ्यांची दमछाक होते. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून मिरवायला छान, पण मकाई गेट किंवा पाणचक्कीजवळच्या महेमूद दरवाजातून एका वेळी किती रुंद गाडी जाईल, हे नकाशाच्या रेषेवर लिहिलेलं नसतं. मोठी गाडी घेऊन विद्यापीठ किंवा बीबी का मकबरा गाठायचा असेल तर दोन मिनिटं वाचवणारा रस्ता सोडून रुंद रस्ता धरावा.

मग वापरायचं काय?

शहरात आणि वेळेचा अंदाज हवा असेल तर गुगल. यात भावनिक काही नाही, फोनची संख्या त्यांच्याकडे आहे. अनोळखी उड्डाणपूल, टोल, लांबचा प्रवास असेल तर मॅपल्स सोबत ठेवायला हरकत नाही. फोनमध्ये जागा थोडी जाते, बाकी तोटा नाही. ॲपल मॅप्स दिसायला देखणं आहे, पण आयफोनमध्ये पत्त्यावर बोट ठेवलं की तेच उघडतं म्हणून वापरायचं, एवढं कारण पुरेसं वाटत नाही.

घाट, धरणाचा परिसर किंवा पावसाळ्यातली रात्र असेल तर कुठलंही ॲप एकटं पुरत नाही. ॲपने अचानक मुख्य रस्ता सोडून आत वळायला सांगितलं आणि पुढे-मागे एकही गाडी नसेल, तर शेवटच्या गावातल्या चहाच्या टपरीवर 'पूल चालू आहे का?' एवढं विचारावं. अकोल्याच्या त्या रस्त्याबद्दल कोतूळमधल्या कुणीही सांगितलं असतं.

निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. गुगलमध्ये ही सोय जुनी आहे, आयफोनच्या नकाशात ती २०२३ मध्ये आयओएस १७ सोबत आली. इंटरनेट गेलं तरी उपग्रहांचा सिग्नल येत राहतो, त्यामुळे निळा ठिपका चालू राहतो. फक्त ऑफलाइन असताना ट्रॅफिक आणि ताजे बंद रस्ते दिसत नाहीत. आणि बंद रस्ता तुम्हाला दिसला, तर त्याच ॲपमधून तो कळवता येतो. अर्धा मिनिट लागतो, गाडी बाजूला थांबवून.