बाटली नव्हे, टक्के मोजा

‘डॉक्टरसाहेब, बिअर म्हणजे दारू थोडीच?’ मुलाने बेल्जियमहून आणलेल्या बाटलीबद्दल इन्सुलिन घेणाऱ्या एका रुग्णाने मला विचारले. मी ‘नको’ म्हणालो. साध्या बिअरमध्ये मद्यार्क सुमारे ५ टक्के असतो. तिथल्या वेस्टमाले मठाच्या ‘ट्रिपेल’मध्ये ९.५ टक्के. म्हणजे एक बाटली साध्या जवळजवळ दोन बाटल्यांइतकी! आंबवताना साखर घातल्याने मद्यार्क वाढतो, पण बिअर जड लागत नाही. म्हणून अंदाज चुकतो. घरी हौसेने अशी बिअर करणारेही आंबवण्यापूर्वी व नंतर द्रवाची घनता मोजूनच मद्यार्क ठरवतात. मद्यार्कामुळे यकृत रक्तात पुरेशी साखर सोडत नाही. इन्सुलिनवरच्या रुग्णाची साखर काही तासांनी, झोपेतही उतरू शकते. उपाशीपोटी धोका अधिक. यकृताच्या रुग्णांनी व गर्भवतींनी तर थेंबही घेऊ नये.