उच्च न्यायालयाचा निकाल आणि आमचा दाखला

न्यायाधीश निकाल कसा देतात, असे आमच्या मोहर्लीत कोणालाही विचारले तर "कायद्याचे पुस्तक पाहून" असेच उत्तर मिळेल. हे उत्तर खोटे नाही, पण निम्मेच खरे आहे. पुस्तकातला शब्द एक असतो आणि त्याचे अर्थ पुष्कळदा दोन निघतात. त्यांपैकी कोणता धरायचा हे वरच्या न्यायालयाने एकदा ठरविले, की पुढच्या माणसाच्या खटल्यात त्या जुन्या निकालाला पुस्तकाइतकेच वजन येते. वकील मंडळी त्याला 'रूलिंग' म्हणतात. राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'पूर्वनिर्णय' असा भारदस्त शब्द आहे. मला मात्र 'पायंडा' हा आपला जुना शब्द जवळचा वाटतो. गावात बांधाच्या भांडणासाठी पंच बसले की कोणी तरी म्हातारा उठून म्हणतोच, "मागे नाल्याकाठच्या वावराचा न्याय असा केला होता, मग आता याला वेगळा का?" पंचांना त्याचे उत्तर द्यावेच लागते. न्यायालयातही तेच चालते. फरक एवढाच, की तिथे म्हाताऱ्याची आठवण छापील असते.

हा विषय मी निवडला त्याला कारण आहे. मी माना जमातीचा. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा आणि पुढे नोकरीचा प्रश्न निघाला की सगळे एका कागदापाशी येऊन थांबते, तो म्हणजे जमातीच्या दाखल्याचे वैधता प्रमाणपत्र. आणि हा कागद मिळावा की मिळू नये, हे ठरविणारे पायंडे कित्येक वर्षांपूर्वी, आम्हाला कधीही न भेटलेल्या माणसांच्या खटल्यांत पडलेले आहेत.

प्रथम कोणाचा निकाल कोणाला बांधतो ते पाहू. राज्यघटनेच्या १४१ व्या कलमाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. उच्च न्यायालयाविषयी असे वेगळे कलम नाही. परंतु १९६२ साली ईस्ट इंडिया कमर्शियल कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा त्याच्या देखरेखीखालील न्यायालयांना, न्यायाधिकरणांना आणि अधिकाऱ्यांना डावलता येत नाही. म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलेले चंद्रपूरच्या न्यायालयाला आणि गडचिरोलीच्या समितीला मानावेच लागते. उच्च न्यायालयाच्या आतही उतरंड आहे. एकट्या न्यायमूर्तींना दोघांच्या पीठाचा निकाल मोडता येत नाही. दोघांच्या पीठाला दुसऱ्या दोघांचे मत पटले नाही, तर त्यांनी स्वतः उलटे ठरवायचे नसते. प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवावे म्हणून मुख्य न्यायमूर्तींना कळवायचे असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. निकालातले सगळेच बांधत नाही. "अमक्याला दाखला मिळाला" ही त्याच्यापुरती गोष्ट झाली. तो ज्या कारणाने मिळाला ते कारण पुढच्यांना बांधते. न्यायमूर्ती बोलण्याच्या ओघात इतरही पुष्कळ लिहितात. ते आदराने वाचायचे, पण त्याने कोणी बांधला जात नाही.

आता आमच्या जमातीची गोष्ट. अनुसूचित जमातींची यादी घटनेच्या ३४२ व्या कलमाखाली राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते आणि ती बदलण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. १९५६ च्या यादीत आमचे नाव होते, पण ते गोंडांच्या नोंदीत होते. तिथे आधी 'गोंड', मग 'समाविष्ट' अशा अर्थाचा शब्द आणि त्यापुढे अरख, अगरिया, असुर, माडिया, माना, मन्नेवार अशी लांबलचक रांग होती. शिवाय तेव्हा ही नोंद विदर्भातल्या ठरावीक भागापुरतीच होती. चांदा जिल्ह्यातील गडचिरोली आणि सिरोंचा या दोनच तहसिली तिच्यात होत्या. इकडे ताडोबाच्या बाजूचा माना आणि तिकडे वैनगंगेपलीकडचा माना एकमेकांचे सोयरे असले, तरी कागदावर एक आदिवासी आणि दुसरा नाही, असा प्रकार होता.

त्या 'समाविष्ट' शब्दावर १९६८ साली सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. खटल्याचे नाव दीना विरुद्ध नारायणसिंह. (आमच्याकडे दीना म्हटले की चामोर्शीकडचे धरण आठवते, त्याचा इथे काही संबंध नाही.) वाद राखीव जागेच्या निवडणुकीचा होता. निवडून आलेला उमेदवार माना होता, पण गोंड नव्हता. न्यायालयाने पुरावा पाहिला आणि ठरविले, की यादीतला 'माना' म्हणजे गोंडांपैकी माना. ज्यांचा गोंडांशी संबंध नाही ते माना यादीत येत नाहीत. निवडणूक रद्द झाली. गेली एका माणसाची आमदारकी, पण तिच्याबरोबर एक पायंडा पडला. त्यानंतर वर्षानुवर्षे माना मुलाने दाखला मागितला की त्याला विचारण्यात येई, "तू गोंड आहेस हे दाखव." शासनाचे आदेशही त्याच समजुतीवर निघत गेले.

पुढे १९७६ साली संसदेने यादी सुधारली. तहसिलींची अट गेली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अठराव्या क्रमांकाच्या गोंडांच्या नोंदीतून तो 'समाविष्ट' शब्द काढून टाकला गेला आणि सगळी नावे स्वल्पविराम देऊन एकापुढे एक ठेवण्यात आली. शाळेत स्वल्पविराम चुकला की अर्धा गुण जातो, एवढेच आपल्याला ठाऊक असते. इथे त्याच्यावर हजारो घरांचे भवितव्य ठरायचे होते.

तरीही नागपूर खंडपीठाला सरळ आमच्या बाजूने निकाल देता आला असता का? दीना प्रकरण सर्वोच्च न्यायालयाचे, आणि ते खालच्या न्यायालयाला मोडता येत नाही. ही अडचण २००० सालच्या नोव्हेंबरमध्ये सुटली, आणि तीही दुसऱ्याच समाजाच्या खटल्यात. त्या खटल्याचे नाव महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद. प्रश्न हलबा-कोष्टी समाजाचा होता. यादीत 'हलबा' आहे, तर हलबा-कोष्टी त्यातच धरावेत असे म्हणणे होते आणि उच्च न्यायालयाने ते मान्य केले होते. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते फिरविले. राष्ट्रपतींचा आदेश जसा लिहिला आहे तसाच वाचायचा. त्यात नसलेला समाज त्यात आहे असे दाखविण्यासाठी पुरावा घेता येणार नाही, चौकशीही करता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. आणि जाता जाता हेही सांगितले, की ज्या जुन्या निकालांत अशी चौकशी चालते असे म्हटले होते ते बरोबर नव्हते. त्या जुन्या निकालांत दीना प्रकरणाचे नाव होते.

कोष्टी समाजाच्या घरांत त्या दिवशी काय झाले असेल ते मी समजू शकतो. पण त्याच निकालाने आमचे दार उघडले. २००३ साली माना आदिम जमात मंडळाच्या याचिकेवर नागपूर खंडपीठाने म्हटले, की यादी लिहिली आहे तशीच वाचायची असेल तर 'माना' हे नाव तिच्यात स्वतंत्र उभे आहे. गोंडांशी नाते दाखवा असे म्हणणे म्हणजे यादीत नवा शब्द घालणे होय. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. ८ मार्च २००६ रोजी तिथेही हेच कायम झाले. 'समाविष्ट' शब्द मुद्दाम गाळला आहे, म्हणून माना ही गोंडांची पोटजमात नसून वेगळी अनुसूचित जमात आहे, असा तो निकाल आहे. 

इतके झाल्यावर सर्व सुरळीत व्हायला हवे होते. पण पायंडा पडणे वेगळे आणि तो प्रत्येक टेबलापर्यंत पोचणे वेगळे. माझ्या चुलत बहिणीचा दाखला एका समितीने फेटाळला, तेव्हा आदेशात २००६ च्या निकालाचा उल्लेख होता! माना स्वतंत्र जमात आहे हे मान्य. पण ही मुलगी त्या मानांपैकी दिसत नाही, कारण देवदेवता, लग्नाचे विधी आणि जुन्या चालीरीती यांच्या प्रश्नांची उत्तरे तिच्या घरच्यांनी बरोबर दिली नाहीत, असे त्यात लिहिले होते. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. जुना निकाल तोंडाने मान्य करून हे प्रकरण त्याहून निराळे आहे असे म्हणणे, ही पायंड्यातून सुटण्याची नेहमीची वाट आहे. ती नेहमीच लबाडीची असते असे नाही. दोन प्रकरणे खरोखर निराळी असू शकतात, आणि खोटे दाखले घेऊन खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावणारेही आहेतच. त्यांच्यासाठीच तर १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तपासणी समित्या आणि दक्षता पथके यांची पद्धत घालून दिली, आणि पुढे महाराष्ट्राने २००१ चा कायदा केला. पण ज्यांचे आजोबा जंगलात मोहफुले वेचत होते आणि नातवंडे आज पर्यटकांच्या जिप्सीवर आहेत, त्यांच्या घरी जुने विधी किती शिल्लक राहणार?

या प्रश्नावरही पायंडे पडले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की घटनेपूर्वीच्या कागदांना जास्त वजन द्यावे आणि आप्तभाव चाचणीला अखेरची कसोटी मानू नये. त्यानंतरही वेगवेगळे निकाल येत राहिले, म्हणून प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला. २४ मार्च २०२३ रोजी आदिवासी ठाकूर जमातीच्या संस्थेच्या खटल्यात त्यांनी तेच कायम केले. आमच्या मानांच्या बाबतीत नागपूर खंडपीठाने २०१७ सालीही समितीला पूर्वीच्या निकालाची आठवण करून दिली होती. एकाच गोष्टीसाठी किती वेळा नागपूरला जावे लागते, हे यावरून दिसेल. ज्याला जाता येते त्याचे काम होते. ज्याला वकिलाची फी आणि एस.टी.चे भाडे परवडत नाही, त्याच्यासाठी समितीचा कागदच शेवटचा निकाल ठरतो. पायंड्याची ही लंगडी बाजू आमच्या पाठ्यपुस्तकात नाही.

आता गोवारी समाजाचे. हे लिहिल्याशिवाय विषय एकांगी होईल. गोवारी बांधव म्हणत, की यादीतले 'गोंड गोवारी' म्हणजे आम्हीच. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधिमंडळावर निघालेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. १९९५ साली त्यांना विशेष मागास प्रवर्गात घेतले गेले, पण ती त्यांची मागणी नव्हती. १४ ऑगस्ट २०१८ रोजी नागपूर खंडपीठाने त्यांचे म्हणणे मान्य केले. गोंड गोवारी नावाची निराळी जमात १९११ पूर्वीच नाहीशी झाली होती, तेव्हा ते नाव गोवारींसाठीच असले पाहिजे, असा विचार त्यामागे होता. परंतु १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. का? मिलिंद प्रकरणामुळे! यादी आहे तशी वाचायची. 'गोंड गोवारी' लिहिले आहे तर 'गोवारी' वाचता येणार नाही, आणि उच्च न्यायालयाला या चौकशीत शिरताच येत नव्हते.

ज्या नियमाने आम्ही आत आलो, त्याच नियमाने ते बाहेर राहिले. आमच्या वर्गात एक गोवारी मित्र आहे. त्याला हे कसे समजावून सांगायचे हा प्रश्न मला पडला होता. "तुमचा स्वल्पविराम होता, आमचा नव्हता," असे तोच म्हणाला. तरी पण मला पायंड्याची पद्धत सोडावीशी वाटत नाही. न्यायमूर्ती बदलले की अर्थ बदलला असता, तर ज्याची ओळख मोठी त्याचा अर्थ खरा ठरला असता. गोवारींचे खरे दार संसदेचे आहे, हे त्या निकालाने निदान स्पष्ट केले. आणि एक दया न्यायालयाने दाखविली: २०१८ च्या निकालापासून २०२० च्या निकालापर्यंत ज्यांनी प्रवेश किंवा नोकरी घेतली होती, त्यांची ती काढून घेऊ नये, असे सांगितले. पुढचे फायदे मात्र जमातीचे म्हणून मिळणार नाहीत. मिलिंद प्रकरणातल्या विद्यार्थ्याचीही वैद्यकीय पदवी तशीच ठेवली होती. म्हणजे दयेचासुद्धा पायंडा असतो.

शेवटी ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांच्यासाठी थोडे कामाचे. घटनेपूर्वीच्या कागदांना वजन आहे, तेव्हा तहसिलीतून कोतवाल पंजीची आणि जुन्या शाळेतून दाखल-खारीजची नक्कल आधी काढावी. माझ्या पणजोबांच्या नावापुढे 'माना' एवढाच शब्द आहे, आणि २००६ नंतर तेवढा पुरतो. घरात काका, आत्या, वडील यांपैकी कोणाला वैधता मिळाली असेल तर २०१० चा मुंबई उच्च न्यायालयाचा 'निचळे' निकाल उपयोगी पडतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला चौकशीनंतर वैधता दिली असेल, तर फसवणूक झाल्याचे दिसल्याशिवाय समितीने मुलाबाळांना नाकारू नये, असे त्यात आहे. २०२३ च्या निकालाने त्यावर जरा आवळून गाठ मारली आहे. नाते नीट सिद्ध झाले पाहिजे, आणि त्या नातेवाइकाला वैधता देताना रीतसर चौकशी होऊन कारणे नोंदलेली असली पाहिजेत. माझ्या काकांना वैधता मिळालेली आहे; परंतु त्यांच्या फाइलमध्ये दक्षता पथकाचा अहवाल आहे की नाही ते त्यांना ठाऊक नाही. त्या फाइलची नक्कल मी माहितीच्या अधिकारात मागितली आहे. ती आली की वंशावळीच्या शपथपत्रासह माझा अर्ज जाईल.