शाळा सुटलेल्या लेकीची फिल्म

फिल्म काढायला मुंबईच लागते असं नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला शिकत असताना ‘पिस्तुल्या’ ही छोटी फिल्म केली. शाळेची ओढ असलेल्या एका गरीब पोराची ती गोष्ट. २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा मान झाला.

आपल्या वरोऱ्याकडेही कापूस वेचणीत कुणा लेकीची शाळा सुटते. तिची गोष्ट पाच मिनिटांत सांगता येते. मोबाईल आडवा धरा, उजेड आपल्या पाठीशी ठेवा, आवाजासाठी जवळ जा. मात्र आधी तिला आणि आईला विचारा. नको म्हटलं तर चेहरा दाखवू नका.

फिल्म पहिल्यांदा गटाच्या बैठकीत दाखवा. ती बघून लेक पुन्हा शाळेत गेली, तर तोच मोठा पुरस्कार.